ताकारीला सिग्नल नाही

यंत्रानं माणसाचं नाव सांगायचं नाही, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. घास पातळ होता की घट्ट, खुर्ची किती कललेली होती, जेवण दुपारचं की संध्याकाळचं, एवढंच त्यानं सांगावं. भरवणारा हात कोणाचा होता हे त्याला कळत असे, पण ते त्यानं पोटातच ठेवायचं होतं. कौस्तुभच्या चुकणाऱ्या घासांच्या बाबतीत मात्र बाकीची सगळी कारणं तपासूनही काही जुळेना, तेव्हा केंद्रातल्या मोमीन सिस्टरांनी देखरेख समितीची परवानगी घेऊन ते नाव उघडून पाहिलं. पाहून त्यांनी आधी स्वतःसाठी चहा मागवला आणि मग शर्वरीला फोन केला.

मिरजेच्या बाहेर, म्हैसाळ रस्त्याला, ‘सोबत’ नावाचं ते निवासी केंद्र होतं. स्वतःच्या हातानं ज्यांना उठता, बसता, जेवता येत नाही अशी मोठी माणसं तिथं राहत. शर्वरीचा थोरला भाऊ कौस्तुभ आई गेल्यापासून तिथंच होता. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय त्याचं ऐकत नसत. समजायचं त्याला सगळं. शब्द मात्र मोजके निघत, आणि तेही सवयीच्या कानांनाच कळत.

शर्वरी आली ती पाच महिन्यांच्या जाईला कडेवर घेऊन. गाडीत झोपलेली जाई नेमकी ऑफिसात शिरल्यावर उठली आणि भुकेनं रडू लागली. म्हणून ओढणी खांद्यावर घेऊन, लेकीला पाजत पाजतच शर्वरीनं सगळं ऐकलं.

सिस्टरांनी प्रस्तावना बरीच केली. कौस्तुभचं फुप्फुस गेल्या न्यूमोनियानंतर पुरतं भरून आलेलं नाही, पुढचा त्याला झेपेल असं डॉक्टरांना वाटत नाही, हे शर्वरीला ठाऊक होतं. तिनं मधेच विचारलं, की तिच्या डब्यात काही चुकतं का? सांगितला तेवढाच घट्ट वरणभात ती आणते, चाळणीतून काढते, तूपसुद्धा बेतानं घालते.

“डब्याचं काही नाही, ताई,” सिस्टर म्हणाल्या. “तोच डबा विलासनं भरवला की एकही घास चुकत नाही. चुकतात ते तुमच्या हातचे.”

जाई गटगट पीत होती.

माणसाच्या घशात एकाच दारातून दोन वाटा फुटतात, एक पोटाकडे आणि एक फुप्फुसाकडे. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर एक झाकण पडतं, आतल्या स्वरपट्ट्या मिटतात आणि घास श्वासाच्या वाटेवरून घसरत पोटाकडे जातो. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. तान्ही जाईसुद्धा ओढणं, गिळणं, श्वास घेणं हा ताल कुणी न शिकवता धरते. कौस्तुभसारख्या काही माणसांत मात्र ते दार उशिरा मिटतं. तुमच्या-आमच्या बाबतीत असं झालं तर ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि वाट चुकलेला कण बाहेर फेकला जातो. वय वाढतं तशी काहींच्या घशाची ही तक्रार करण्याची शक्तीच मंदावते. घास वाट चुकतो आणि खोकला येतच नाही. माणूस शांतपणे पुढचा घास मागतो. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, आणि तापाचा जेवणाशी काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

पूर्वी ते यायचंच नाही. कौस्तुभच्या शेजारच्या पलंगावर नरेंद्र म्हणून एक जण होता. तो असाच तापानं गेला, तेव्हा इस्पितळातले डॉक्टर त्याच्या वडलांना सहानुभूतीनं म्हणाले होते, की अशा मुलांचं असंच असतं. नरेंद्र पन्नाशीला आला होता. त्या एका वाक्याखाली राज्यभरात किती माणसं पुरली गेली, ते पुढं चौकशी झाली तेव्हा बाहेर आलं. निवासी केंद्रांतल्या बऱ्याचशा मृत्यूंचं कारण अपंगत्व नव्हतंच. न ओळखलेला ताप, आठवडाभर साफ न झालेलं पोट, आणि सगळ्यांत जास्त करून वाट चुकलेला घास. मग नियम आला, की अशा केंद्रातला एकही मृत्यू ‘असंच असतं’ म्हणून मिटवायचा नाही. आणि नियमामागून टिकली आली.

कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. पण दिसायला ती रुपयाएवढी, मऊ, कातडीच्या रंगाची, गळ्याच्या घाटीखाली चिकटवायची, म्हणून पहिल्याच दिवशी तिची टिकली झाली. तिच्यात तिळाएवढा माइक आणि स्नायूंतली वीज वाचणारे तंतू होते. गिळण्याचा आवाज, त्यानंतर माणूस श्वास सोडतो की आत ओढतो, याच्यावरून ती प्रत्येकाचा घसा महिनाभरात शिकून घेई. घास वाट चुकला की भरवणाऱ्याच्या मनगटावरचा पट्टा थरथरे. तेवढ्यानं हात थांबायचा. केंद्रातली तापाची दुखणी वर्षभरात निम्म्यावर आली. वाढदिवसाला जेवण घालायला येणाऱ्या मंडळींना स्वतःच्या हातानं जिलबी भरवून फोटो काढायची फार हौस असे. त्यांना आता दुरूनच नमस्कार करावा लागू लागला. त्याबद्दल काही जण रागावले. पण माणसं जगत होती.

“माझ्या मनगटावरही पट्टा असतो की,” शर्वरी म्हणाली. “थरथरला की मी थांबते.”

सिस्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. ती थांबत होती हे खरं होतं. पण पट्टा थरथरे तो घास जाऊन चुकल्यावर, आणि थांबून ती पुन्हा तेच करत होती. काय करत होती, तेही पडद्यावर होतं, एका लहरीच्या रूपात. प्रत्येक चुकीच्या घासाच्या आधी कौस्तुभचा श्वास उसळत होता.

“तो हसत असतो,” सिस्टर म्हणाल्या.

*

खेळ आईचा होता. आप्पा रेल्वेत गार्ड, मिरज-पुणे मार्गावर त्यांची आयुष्यभराची फेरी. ते घरी नसत तेव्हा आई कौस्तुभला ती गाडी ताटातच चालवून दाखवी. पहिला घास सांगली. मग नांद्रे, भिलवडी, ताकारी, शेणोली, कऱ्हाड, मसूर असं करत साताऱ्याला पोचलं की जेवण संपलं. ताकारीला मात्र गाडी अडायची. चमचा तोंडाजवळ यायचा आणि हवेतच थांबायचा. आई गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, “ताकारीला सिग्नल नाही.” कौस्तुभ हसत सुटायचा. मान मागं टाकून, सगळं अंग हलवत, तोंड उघडं टाकून हसायचा, आणि त्या उघड्या तोंडात चमचा जायचा. आई गेल्यावर गाडी शर्वरीनं चालवायला घेतली. दर रविवारी. आता त्या मार्गावर सिग्नलचे खांबसुद्धा उरले नव्हते, गाडीला जे सांगायचं ते इंजिनातल्या पडद्यावरच सांगत. ताकारीचा सिग्नल फक्त ‘सोबत’च्या जेवणघरात शिल्लक होता.

हसताना घशाचं दार सताड उघडं असतं. हसू संपताना माणूस जोरानं श्वास आत ओढतो. चमचा तेव्हाच जात होता.

विलास भरवतो तेव्हा हे घडत नसे, कारण विलास बोलतच नसे. तो त्या मजल्यावरचा सेवक. एका कानात क्रिकेटची कॉमेंट्री लावून जेवण भरवायचा. शर्वरीला त्याचा मनातून रागच होता, पोत्यात धान्य भरावं तसं भरवतो म्हणून. आज तिनं त्याला विचारलं, की तो नेमकं काय करतो. विलास गोंधळला.

“मी काय करत न्हाई ओ ताई. म्याच ऐकतो. बॉल पडस्तवर हात थांबतो, त्याला मी तरी काय करू?”

मग त्यानं सांगितलं, की नावं उघडली तेव्हा यंत्रानं त्याचा हात सगळ्यांत चांगला ठरवलाय, आणि आता त्याला इतरांना शिकवायला कोल्हापूरला पाठवणार आहेत. तिथं जाऊन काय शिकवायचं, याची त्याला काळजी लागली होती.

*

सांगलीला घरी परतल्यावर तिनं आप्पांना सांगितलं. जाई त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घालायच्या खटपटीत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं.

“म्हणजे तुझी आई तीस वर्षं त्याच्या जिवावर उठली होती?”

शर्वरीनं समजावलं. तेव्हा त्याचा घसा धड होता. घास चुकला की ठसका लागायचा, ठसका त्याला वाचवायचा. आप्पांनाही ते आठवत होतं. कौस्तुभला जेवताना ठसका लागला, की आई पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, कुणीतरी आठवण काढली वाटतं. बहुतेक आप्पांनीच काढली असणार, गाडी रहिमतपूरला पोचली असेल. मग आई गेली, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्याचा ठसका हळूहळू बंद झाला. सगळ्यांना बरं वाटलं. आता नीट जेवतो, असं शर्वरीनं कितीजणांना सांगितलं होतं. आप्पा फक्त म्हणाले होते, की त्याची आठवण काढणारं माणूस गेलं.

तेव्हाच घशानं तक्रार करणं सोडलं होतं. घरातल्या कुणाला ते कळलं नाही, कारण ठसक्याचा अर्थ सगळ्यांना आधीच माहीत होता.

आप्पांनी जाईच्या तोंडातलं बटण सोडवलं, तिला शर्वरीकडे दिलं आणि गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालू लागले. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

*

सिस्टरांचं म्हणणं सरळ होतं. शर्वरीनं यावं, बसावं, पण भरवू नये. किंवा भरवायचंच असेल, तर न बोलता.

तिनं दुसरं निवडलं. पुढच्या रविवारी ती कौस्तुभच्या समोर जराशी खाली बसली, म्हणजे त्याची मान वर जाणार नाही. एक शब्द न बोलता तिनं चमचा उचलला. कौस्तुभनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग तो तिच्या तोंडाकडे बघू लागला. तिसऱ्या घासाला त्यानं ओठ मिटले. ती रागावली आहे असं त्याला वाटलं. तिनं मान हलवून नाही-नाही म्हटलं, हसून दाखवलं, पण बोलली नाही. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या आठवड्यात त्यानं विलासच्या हातूनही खाणं कमी केलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. टिकली शांत होती. घासच जात नव्हता, तर चुकणार काय? वजन उतरू लागलं.

‘सोबत’मधल्या इतर रविवारांचंही काही खरं नव्हतं. यंत्रानं कुणाचं तरी नाव सांगितलं ही बातमी पसरली होती. सिस्टरांनी नावं पुन्हा झाकून टाकली, पण लोकांना शंका यायची ती आलीच. तिथंच राहणाऱ्या गंगाधरच्या आईनं फोन करून सांगितलं, की मी येत नाही, माझ्या हातून काही झालं तर? गंगाधर दर रविवारी फाटकाशी खुर्ची न्यायला लावी आणि संध्याकाळी परत आणायला लावी. अंगणात चटया पसरून डबे उघडणारी माणसं एकेक करून कमी झाली. ताप उतरले होते आणि माणसंही उतरली होती. सिस्टरांनी समितीला कळवलं, की पहिल्या गोष्टीसाठी यंत्र आहे, दुसरीसाठी काही नाही.

समितीच्या डॉक्टरांनी कौस्तुभसाठी तारीख सुचवली. पोटाला लहानसं छिद्र पाडून नळी बसवायची, अन्न थेट जठरात जाईल, तोंडाला काम उरणार नाही. यात भयंकर असं काही नव्हतं. त्याच मजल्यावर दोघी जणी नळीवर उत्तम जगत होत्या, अंगानं भरल्या होत्या. शर्वरीनं त्यांना भेटून पाहिलं. प्रश्न इतकाच होता, की कौस्तुभ हातानं काही धरू शकत नव्हता, पायानं कुठं जाऊ शकत नव्हता. जगाची चव तो घेत होता ती जिभेनंच. आणि रविवारी दुपारी साताऱ्यापर्यंत जात होता.

सहीसाठी त्यांनी महिनाभराची मुदत दिली. ताप आला तर लगेच.

*

त्या रविवारी शर्वरी दमून आली होती. जाईला दात येत होते. जाईला विलासकडे देऊन ती कौस्तुभसमोर बसली, वाटी पुढं ओढली, चमचा भरला. कौस्तुभनं ओठ मिटून घेतले. ती तशीच बसून राहिली, चमचा हातात, तोंड बंद. त्याचा चेहरा उतरला होता, गालाची हाडं आईसारखी दिसायला लागली होती.

बऱ्याच वेळानं तोच बोलला.

“ता-का-ई,” कौस्तुभ म्हणाला.

तिला रडू आलं. रडत-हसत तिनं चमचा वाटीत ठेवून दिला. भरवायचंच नाही, तर निदान बोलू तरी, असं तिच्या मनात आलं. पुढचं काहीच तिनं ठरवलं नव्हतं.

“ताकारीला सिग्नल नाही, दादा.”

तो हसला. महिनाभराचं साठलेलं हसू होतं ते. मान मागं गेली, हात उडाले, खुर्ची कुरकुरली, पलीकडून विलासनं कानातली कॉमेंट्री काढून बघितलं. शर्वरी रिकाम्या हातांनी बसून त्याला हसताना बघत होती. बहुतेक पहिल्यांदाच, कारण एरवी तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे आणि चमच्याकडे असायचं. हसू ओसरायला खूप वेळ लागला. एकदा संपलं असं वाटलं तर पुन्हा उसळलं. मग ते खरंच संपलं. तो दमला. त्यानं मोठा श्वास सोडला आणि मागं गेलेली मान आपल्या वजनानं पुढं आली. हनुवटी छातीकडे झुकली.

घशाचं दार नीट मिटावं म्हणून मान याहून चांगल्या ठिकाणी कुणाला मुद्दाम ठरवूनही ठेवता आली नसती.

शर्वरीनं अर्धा चमचा भरला आणि खालून वर नेला. त्यानं ओठ उघडले. गिळलं. श्वास बाहेर सोडला. तिनं मनगटाकडे पाहिलं. पट्टा गप्प होता.

“सिग्नल मिळाला,” ती हळूच म्हणाली. त्यावर तो पुन्हा हसला, आणि ती पुन्हा वाटीत चमचा ठेवून हसू संपायची वाट बघत बसली.

त्या दिवशी गाडी कऱ्हाडपर्यंतच गेली. वरणभात तीनदा गरम करून आणला. जेवणघर आवरून, पुसून, दुपारच्या चहाची भांडी लागली तरी ती दोघं ताटावरच होती. स्वयंपाकघरातल्या बाईंनी ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, की एवढ्या वेळात पुण्याला जाऊन माणूस परत येईल.

समितीला सिस्टरांनी सगळी लहर पाठवली. हसू आधी, घास नंतर; मधे जेवढा वेळ लागेल तेवढा. डॉक्टरांचं उत्तर कोरडं आलं. नोंद रंजक आहे, वजन वाढतं का पाहू, नळीचा निर्णय रद्द नाही, पुढं ढकलला आहे. पट्टा अजूनही कधीतरी थरथरे. शर्वरी घाई करे तेव्हा बहुधा. पण आता सिस्टरांनी आणखी एक गोष्ट केली. गंगाधरच्या आईला फोन करून सांगितलं, की या, बोला, हवं तेवढं हसवा, फक्त तेवढा वेळ चमचा खाली ठेवा. ती कबूल झाली नाही. पण पुढच्या रविवारी फाटकाशी रिक्षा थांबली.

*

मुलीचं उष्टावण सातव्या महिन्यात. पहिला घास मामानं भरवायचा. शर्वरीच्या सासरी कुणीतरी सुचवलं, की चुलतमामाला बोलावू, घासापुरतं. शर्वरी म्हणाली, जाईला मामा आहे. म्हणून सगळी मंडळी ‘सोबत’मध्ये जमली.

जेवणघरात पाट मांडला, पण कौस्तुभ खुर्चीत असल्यानं पाट नुसता शोभेला राहिला. जाईला त्याच्या मांडीवर पट्ट्यानं बांधून बसवलं. विलासनं खालून त्याच्या कोपराला आधार दिला, कान आज दोन्ही मोकळे. चांदीचा चमचा कौस्तुभच्या मुठीत नीट बसेना, म्हणून शर्वरीनं त्याच्या दांड्याला रुमाल गुंडाळला. चमच्याच्या टोकाला खिरीचा एक थेंब.

हात थरथरत जाईच्या तोंडाजवळ गेला आणि थांबला.

जाईला ते भयंकर मजेशीर वाटलं. ती मामाच्या तोंडाकडे बघून खिदळू लागली, पाय झाडू लागली, तोंड उघडं, हिरडीवर एक दात. सासूबाई म्हणाल्या, भरव रे, उघडलंय तोंड. मागून आणखी दोघी म्हणाल्या, भरव, भरव. मुहूर्ताची आठवण झाली. कुणीतरी फोटोसाठी वाकलं.

कौस्तुभ हलला नाही. दंड दुखत असणार, चमच्यातला थेंब रुमालावर सांडला, विलासनं दुसरा घेतला.

“इग्नल,” कौस्तुभ म्हणाला.

मंडळींना कळलं नाही. शर्वरीला कळलं, आणि खुर्चीत मागं बसलेल्या आप्पांना. आयुष्यभर हिरवा झेंडा हातात धरून उभा राहिलेला तो माणूस उठून उभा राहिला.

जाईचं खिदळणं ओसरलं. तिनं एक उसासा टाकला, मामाच्या चेहऱ्याकडे पाहत गप्प झाली आणि अंगठा शोधावा तसं तोंड पुढं केलं. तेव्हा चमचा पुढं सरकला. पहिल्या घासानं तिचा चेहरा विचारात पडला. मग तिनं तो गिळला. मग तिला बारीकसा ठसका लागला.

सगळ्या बायका एकदम पुढं आल्या. शर्वरीनं हात करून त्यांना थांबवलं. जाई खोकली, डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं केलं, आणि आणखी पाहिजे म्हणून चमच्याकडे झेपावली. शर्वरीला तो खोकला ऐकत राहावासा वाटला. लहानसा, रागावलेला, धडधाकट.

“कुणीतरी आठवण काढली,” आप्पा सवयीनं बोलून गेले. मग म्हणाले, “काढू दे.”

घास भरवलेल्या मामाला बहिणीनं गोड खाऊ घालायचं असतं. शर्वरीनं खीर घोटून मऊ करून ठेवली होती. ती कौस्तुभसमोर खाली बसली आणि मनगटावर पट्टा बांधला. तो अजून जाईकडे बघून हसत होता.

“सांगली,” ती म्हणाली, आणि चमचा वाटीतच ठेवून थांबली.